कानसेन

प्रयोगशाळेतला लहान काटा वाजत होता आणि त्याला ते कळलं नाही, एवढंच घडलं. काट्यावर वजन ठेवलं की आकडे काही वेळ खालीवर होत राहतात, मग स्थिर होतात, आणि वजन मर्यादेत बसलेलं असलं तर ते उचलेपर्यंत काटा बारीक आवाजात थांबून थांबून वाजत राहतो. वजनंमापं तपासण्याची ही खोली इमारतीच्या तळघरात होती. तिला खिडकी नव्हती, झुळूक येऊ नये म्हणून दाराला दुहेरी पडदा होता, आणि माणसाच्या श्वासानेही शेवटचा आकडा हलतो म्हणून इथं काम करणारे सगळेच थोडं मागे सरून, मान तिरकी करून उभं राहायला शिकले होते. त्याने चिमट्याने पितळी वजन उचलून काचेच्या पेटीत ठेवलं, काच सरकवली आणि वाट पाहत उभा राहिला. समोरच्या टेबलावरची सहकारी लांबीच्या पट्ट्या तपासायची आणि सहसा मान वर करत नसे. तिने मान वर केली. "अहो, वाजतोय ना तो." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काटा हो. केव्हाचा वाजतोय. डोकं उठलं माझं." "विचारात होतो," असं म्हणून त्याने वजन उचललं. तो विचारात नव्हता. ती पुन्हा पट्टीवर वाकल्यावर त्याने तेच वजन परत पेटीत ठेवलं आणि आकड्यांऐवजी शेजारच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहत राहिला. ठिपका लुकलुकायला लागला, म्हणजे आवाज होत होता. त्याने कान पेटीजवळ नेला. त्याच्या श्वासाने आकडा हलला, ठिपका विझला, मग आकडा पुन्हा ठरला आणि ठिपका पुन्हा उघडझाप करू लागला, मत्स्यालयातल्या माशाच्या तोंडासारखा. त्याने वजन मखमलीच्या खाचेत परत ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेला. नळाचं पाणी ऐकू येत होतं. बेसिनच्या भांड्यावर पडणारं पाणी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, जिन्यावरून कोणीतरी कोणाला तरी दिलेली शिवी, सगळं नीट ऐकू येत होतं. ऐकू न येणारं काय आहे हे मात्र ऐकून कळण्यातलं नव्हतं. हा विचार त्याला आधी गमतीचा वाटला. मग वाटला नाही.

तो पक्षी बघायचा, म्हणजे खरं तर ऐकायचा. सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर किनाऱ्यावर जाणाऱ्या चौघापाचांत त्याला सगळे कानसेन म्हणत. सुरुवातीला थट्टेत म्हणत, मग थट्टा झिजून गेली आणि नाव राहिलं. बाकीचे दुर्बिणी लावून झाडाझुडपांत शोधत असताना तो खिशात हात घालून उभा असे आणि म्हणे, डावीकडे, खालच्या फांदीवर, दोन आहेत. दोन असत. हे त्याला मामाने शिकवलं होतं. मामा पोस्टात होता, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि भाच्याला घेऊन तो गावाबाहेरच्या तळ्यावर जायचा तेव्हा त्याचे डोळे स्वतःच्या रुमालाने बांधायचा. रुमालाला तपकिरीचा वास असायचा. "आता सांग," मामा म्हणायचा, "आणि चुकलास तरी चालेल, पण ऐकल्याशिवाय सांगू नकोस. डोळ्याला काय, जे हवं ते दिसतं." मामा जाऊनही आता जमाना झाला होता. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बायको अंघोळीला गेलेली बघून औषधाच्या खणातला, ताप मोजून झाला की वाजणारा थर्मामीटर काढला, काखेत धरला आणि सोफ्यावर बसून राहिला. बराच वेळ गेल्यावर काढून पाहिला. ताप नव्हता, आकडा केव्हाच येऊन थांबला होता. बायको टॉवेलने केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बरं नाहीये का?" "नाही, सहज." ती त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. ती एका मोठ्या इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर काम करायची. काचेला पाडलेल्या वाटोळ्या भोकातून दिवसभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांगायचं, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर, आणि त्यांना कळलं नाही की न चिडता तेच वाक्य थोडं संथ, थोडं खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगायचं. घरीही ती हल्ली तसंच बोलते हे त्याच्या लक्षात आलं होतं. मुलगी शिकायला दूरदेशी गेल्यापासून हिचं बोलणं तुटक झालंय, असं तो मनाशी म्हणत आला होता. घर शांत झालंय, असंही म्हणत आला होता, आणि खोटं कशाला, ती शांतता त्याला आवडली होती.

किनाऱ्यावर जायच्या आदल्या दिवशी भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "उद्या मी येऊ का?" लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती एकदा आली होती. तिचे बूट चिखलात रुतून निघाले नव्हते, आणि त्यानंतर ती कधी आली नव्हती. "कशाला?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "सुट्टी आहे. घरात बसून भिंतींकडे किती बघू?" तो ये म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर गोल, उत्साही, वयाने त्याच्यापेक्षा लहान. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी कुकरएवढी जाड होती आणि ते ती मांडीवर ठेवूनच गाडी चालवत. पुढे त्यांच्या शेजारी बाई बसल्या होत्या. बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पाठीने किंचित वाकलेल्या, आणि कुठल्याही प्रवासात उकडलेली अंडी सोलून वाटणाऱ्या. "वहिनी, आज तुम्ही आलात ते फार बरं केलंत," डॉक्टर आरशातून म्हणाले. "आज इतिहास घडणार आहे. टिलवा सापडलाय. लाल मानेचा." बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने समजावलं: टिलवा म्हणजे चिखलावर पळणारा चिमणीएवढा पाहुणा, हिवाळ्यात शेकड्यांनी येतो; छोटा टिलवा आपल्याकडचा नेहमीचा, आणि लाल मानेचा वाट चुकल्याशिवाय इकडे यायचा नाही. "मग सोपं आहे की. लाल मान बघायची." "हिवाळ्यात मान लाल नसते." "मग?" "मग दोघं सारखेच दिसतात. चोचीत केसभर फरक असतो, पायांत असतो. पण तो असतोही आणि नसतोही." "आवाजात असतो!" डॉक्टर पुढून ओरडले. "म्हणून तर कानसेनांना उचलून आणलंय. माझे फोटो सगळ्यांना पाठवले, सगळे म्हणतात आवाज सांगा. मोबाइलवर धरायला गेलो तर नुसता वारा येतो. आज हे ऐकतील आणि सांगतील, की झालं काम. यांनी सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर गोदामं, ट्रक धुवायच्या जागा, एका अर्धवट पुलाचे खांब मागे जात होते. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. छोट्या टिलव्याची हाक त्याला आठवत होती, टिट्, काडी मोडल्यासारखी. आणि दुसऱ्याची, जी त्याने आयुष्यात एकदाच, मामा गेल्याच्या वर्षी, एका दूरच्या खाडीवर ऐकली होती: जराशी लांब, खरखरीत, क्रीट्. दोन्ही डोक्यात लख्ख होत्या. वजनांच्या डबीत खाचा असतात तशा त्या आवाजांच्या खाचा आत जागच्या जागी होत्या, फक्त वजनं कोणीतरी उचलून नेली होती. किंवा नेली नव्हती. काटा वेगळा, पक्षी वेगळा, असं तो स्वतःला आठवडाभर सांगत होता.

मिठागरं बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बांध खचले होते, चौकोनी खाचरांतून समुद्राचं पाणी हवं तसं आतबाहेर करत होतं, आणि मीठ साठवायच्या छपराचे नुसते वासे उरले होते. ओहोटी संपत आली होती. करड्या चिखलावर उन्हाचा पातळ थर होता, त्यात शेकाट्या पक्ष्यांचे लाल पाय, दूरवर रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रेघ, आणि सगळ्याला सडलेल्या शेवाळाचा, लोखंडाचा वास. वाटेच्या डाव्या हाताला पाणकणसांच्या उंच गवताचं दाट रान होतं. इथं तो नेहमी थांबायचा. या रानात वटवटे असत, दिसत मात्र कधीच नसत. बोटभर लांबीचे, मातकट रंगाचे पक्षी, आत बसून अखंड कुरकुर करणारे. पण अलीकडे ते गेले होते. हे त्याने स्वतः सांगितलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी शहरातल्या एका सभेत, पाण्याची बाटली समोर ठेवून, तो म्हणाला होता की या किनाऱ्यावरून लहान पक्षी हटत चालले आहेत, पाणकणसांतले वटवटे तर जवळजवळ संपले, आणि लोकांनी माना हलवल्या होत्या. एका मुलीने नंतर येऊन डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, आता काय करायचं? आता पाणकणसं वाऱ्याने हलत होती. पाती पात्यांवर घासल्याचा जाडसर आवाज येत होता, त्यापलीकडे काही नाही. "बाई गं," बायको म्हणाली. ती वाटेवर थांबली होती, कमरेवर हात ठेवून. "काय?" "किती कलकलाट चाललाय आत! तू कधी सांगितलं नाहीस की एवढा गोंगाट असतो म्हणून. बाजार भरलाय नुसता." त्याने पाणकणसांकडे पाहिलं. आतून एक पातं दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त हललं. डॉक्टर आणि बाई पुढे गेले होते. "कुठून येतोय आवाज?" त्याने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "कुठून काय? सगळीकडून," ती म्हणाली, आणि पुन्हा त्याच्याकडे तशीच पाहू लागली, थर्मामीटरच्या वेळी पाहिलं होतं तशी. मग ती पुढे चालू लागली आणि तो तिच्या मागून. पाणकणसांचं रान बरंच लांब होतं. त्याच्या कडेने तो चालत राहिला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली, की त्या मुलीला आता कुठे शोधायचं. ते हास्यास्पद होतं. तिचा चेहराही त्याला आठवत नव्हता.

टिलवे शेवटच्या खाचरात होते, बांधापासून हाकेच्या अंतरावर, भाजलेल्या दाण्यांसारखे चिखलावर सांडलेले. डॉक्टरांनी तिपाईवर मोठी दुर्बीण लावली, भिंग फिरवलं, श्वास रोखला आणि बाजूला झाले. "उजव्या काठाला, एकटा आहे बघा." त्याने डोळा लावला. वर्तुळात चिखल, चिखलावर पाण्याची साय, आणि त्यात एक करडा पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच घालत पुढे सरकत होता. चोच किंचित आखूड वाटली. पाय बुटके वाटले. पाठीमागचा भाग लांबट वाटला. हे सगळं त्याला दिसलं, आणि दिसताना मामाचा तपकिरी वासाचा रुमालही डोळ्यांवर आल्यासारखा वाटला, कारण हे सगळं त्याला हवं होतं. पक्षी सुंदर होता. इतक्या लहान शरीरात एवढी निकड कशी मावते, हे त्याला लहानपणापासून कळलं नव्हतं. "काय म्हणता?" डॉक्टर कुजबुजले. "उडेपर्यंत थांबू," तो म्हणाला. उडताना ते बोलतात. सगळे बांधावर बसले. बाईंनी अंडी काढली. "मला विचाराल तर," अंड्याची टरफलं पिशवीत गोळा करत बाई म्हणाल्या, "मला टिलवे ऐकू येणं कधीच बंद झालंय. नुसते इकडून तिकडे धावताना दिसतात, जुन्या मूकपटातल्यासारखे. मीठ हवंय का कोणाला?" "माझं तरी काय," डॉक्टर म्हणाले, "दिवसभर ते ड्रिल कानाशी. मला ऐकू येतं, पण सगळं एकाच मापाचं." दोघंही हसली. इतकं सोपं होतं ते. अंडं सोलता सोलता सांगून टाकायची गोष्ट होती, आणि तिच्यावर मीठही मिळत होतं. तो अंडं खात राहिला. ही दोघं सांगू शकत होती, कारण त्यांच्या सांगण्याने काही ढासळत नव्हतं. ती कानसेन नव्हती. बाईंची पाठ वाकली होती, हातांवर डाग होते, म्हातारपण त्यांच्या अंगावर रीतसर येऊन बसलं होतं. त्याच्याकडे ते मागच्या दाराने आलं होतं आणि घरातली एकेक वस्तू हलवत होतं, हळूच, मालक जागा होऊ नये म्हणून. त्याने बायकोकडे पाहिलं. ती बूट काढून, पाय लांब करून, डोळे मिटून उन्हात बसली होती. तिचे ओठ थोडे हलत होते. ती गुणगुणत होती का? घरी गुणगुणायची ती पूर्वी, कपड्यांच्या घड्या घालताना, नाकातल्या नाकात, उंच पट्टीत. केव्हा बंद झालं ते? त्याला आठवेना, आणि मग त्याला कळलं की आठवण्यासारखं काही नसेलही. बंद झालंच नसेल.

शिकारी भोवत्या आला तो मागून. आधी त्याची सावली बांधावरून गेली, मग लांब पंख तिरके करून तो चिखलावर उतरू लागला, आणि सगळं खाचर एकदम उठलं. टिलवे एका अंगाने वळले तेव्हा पांढरे झाले, दुसऱ्या अंगाने वळले तेव्हा दिसेनासे झाले. उजव्या काठचा तो एकटा उशिरा उठला, त्यांच्या डोक्यांवरून, अगदी जवळून गेला. पक्ष्याने चोच उघडलेली दिसली. एकदा. पुन्हा एकदा. खाली त्याच्या कानाशी पंखांची सरसर होती, शेकाट्यांची भरड ओरड होती, आणि जिथं ती हाक असायला हवी होती तिथं काहीच नव्हतं. काळोखसुद्धा नाही, निव्वळ काही नाही. "ऐकलंत?" डॉक्टर उठून उभे राहिले होते. त्यांच्या हनुवटीवर अंड्याचा पिवळा कण होता. "बोलला ना? बोलला ना तो?" बाईही वळल्या होत्या. सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि त्याला स्वतःचा चेहरा एखाद्या परक्या वस्तूसारखा जाणवला, आता याचं काय करायचं असा. चोच दिसली होती. पाय दिसले होते. बहुधा तोच होता. "लाल मानेचाच," तो म्हणाला. वाक्य तोंडातून गेलं आणि त्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात धरले, हलवले, मिठी मारायला आले आणि मध्ये कॅमेरा आला. मग ते फोन कानाला लावून बांधावरून चालत सुटले. "हो, कानसेनांनी स्वतः ऐकलाय! निघा, निघा लगेच, भरतीच्या आत पोचा!"

तो बांधावरून विरुद्ध दिशेला चालत गेला, छपराच्या वाशांपर्यंत. थोड्या वेळाने बायको आली, अनवाणी, बूट हातात घेऊन. दोघं उभी राहिली. वाशांवर जुन्या मिठाचे पांढरे ओघळ होते. "कसा असतो रे त्याचा आवाज?" तिने विचारलं. "लाल मानेवाल्याचा." त्याने करून दाखवला. क्रीट्. "आणि साधा?" टिट्. तिने थोडा विचार केला. "मग मला नाही कळलं," ती म्हणाली. "मी सगळ्यांचं टिट् टिट् ऐकलं. डोक्यावरून गेला तो पण तसंच काहीतरी म्हणाला, असं मला वाटलं. पण मला काय त्यातलं कळतंय." तिने हे इस्पितळातल्या खिडकीसारखं नाही, साध्या आवाजात सांगितलं, खाली बघत, पायाच्या अंगठ्याने मिठाची खपली उकरत. "तुला ऐकू आलं?" तिने विचारलं. पाणी दूरच्या खाचरांत शिरायला लागलं होतं. भरतीची पहिली जीभ चिखलावरून चाचपडत येत होती. "नाही," तो म्हणाला. "काहीच?" "काहीच." तिने उकरलेली खपली पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, "मी हाका मारते घरात. तू येत नाहीस. मला वाटायचं, तुला यायचं नसतं." "आणि आता?" "आता कधी हे वाटतं, कधी ते." त्याला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उभी राहिली, आणि तिच्या उभं राहण्यात त्याला काही सांगणं नव्हतं. बूट घालून झाले म्हणून नुसती उभी राहिली होती. तो डॉक्टरांच्या दिशेने निघाला. ते अंतर फारसं नव्हतं, पण बांध मध्ये मध्ये खचलेला असल्यामुळे सारखं खाली उतरून पुन्हा वर चढावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी वर चढल्यावर डॉक्टर थोडे अधिक मोठे झालेले दिसत होते, हसणारे, फोनवर हातवारे करणारे.

"डॉक्टर, मला ऐकू आलं नाही." डॉक्टरांनी फोन कानापासून थोडा बाजूला केला. "काय?" "टिलवा. तो असेलही. पण मी ऐकला नाही. मला ते आवाज ऐकू येत नाहीत." "आत्ता वारा होता म्हणून का?" "तेव्हा वारा पडला होता." डॉक्टरांनी फोन बंद केला. हनुवटीवरचा पिवळा कण अजून तिथेच होता. "पण तुम्ही तर म्हणालात—" "म्हणालो." "दोन गाड्या निघाल्यात हो. एक जण दवाखाना बंद करून निघालाय." त्याने मान हलवली. डॉक्टर चिडतील असं त्याला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, ते कसला तरी हिशेब करत असल्यासारखे त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी अगदी हळू, जवळजवळ संकोचाने विचारलं, "मग मागच्या हिवाळ्यात तुम्ही अंधारात ओळखलात तो पक्षी? आणि त्याच्या आधीचे? कधीपासून?" "माहीत नाही," तो म्हणाला. हे खरं होतं. काटा चुकत असला तर तो कधीपासून चुकतोय हे काटा सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरा काटा लागतो. तळघरातल्या खोलीत तो हे नव्या लोकांना शिकवायचा. डॉक्टरांनी मान डोलावली. मग "बरं," म्हणाले, कॅमेरा खांद्याला लावला, आणि गाड्या परत फिरवायला फोन करत बांधाच्या टोकाकडे गेले. त्यांची पाठ मागून एकदम लहान मुलासारखी दिसत होती. बाईंनी दुर्बिणीची तिपाई मिटली. "पाणी चढतंय," त्या म्हणाल्या. त्याच्या जवळून जाताना त्यांनी क्षणभर त्याच्या दंडाला हात लावला, वर्गातल्या बाकाला लावतात तसा, आणि त्या वाटेला लागल्या.

भरती आता मोकळेपणाने येत होती. खाचरांचे चौकोन एकेक करून बुजत होते, चिखलावरचे पक्षी उरलेल्या उंचवट्यांवर दाटीवाटीने उभे राहत होते, आणि टिलवे त्यांत कुठेतरी होते, लाल मानेचे किंवा साधे. त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. अंगात एक प्रकारचा सपाटपणा होता, चिखलावरच्या पाण्यासारखा, आणि त्यात आकाश पडलं होतं एवढंच. बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "तो कोण?" तिने विचारलं. "कोण?" "आत्ता बोलला तो. तिकडून." तिने खाडीपलीकडच्या झुडपांकडे बोट केलं. झुडपं सपाट, काळपट, उन्हात थरथरत होती. त्याने गळ्यातली दुर्बीण लावली. पानं दिसली, पानांमागे पानं. "दिसत नाही." "बोलतोय पण." "कसा बोलतोय?" तिने डॉक्टर लांब आहेत ना ते वळून पाहिलं, ओठ ओले केले आणि आवाज काढला. तिच्या गळ्यातून तो आल्यामुळे खालच्या पट्टीत आला आणि त्याला सगळा ऐकू आला: सुरुवातीला दोन ठोके, मग मध्येच एक वळण, आणि शेवटी वर जाता जाता तोडून टाकल्यासारखा. त्याने आतल्या खाचा एकेक करून चाचपून पाहिल्या. या किनाऱ्यावरचे, त्या किनाऱ्यावरचे, वाट चुकून येणारे, मामाने सांगितलेले पण कधी न भेटलेले. एकातही तो बसत नव्हता. "असा कोणी नाहीये इथे," तो म्हणाला. "आहे. आत्ताच बोलला. हा बघ, पुन्हा." तिने बोट वर धरलं आणि तिचा चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा झाला, किंचित तिरका, स्थिर. तो चेहरा त्याने आजवर फक्त आतून जाणला होता. तिची नक्कल चुकत असेल; तिने असलं कधी केलं नव्हतं. किंवा खरंच तिथे कोणीतरी असेल. यातलं काय ते ठरवायला त्याच्याकडे आता काही साधन नव्हतं, आणि पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं होतं.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

तिने पुन्हा केला. या वेळी थोडा अधिक संथ, एकेक स्वर सुटा करून.